बर्फावरचा शिक्का

बाग खात्याच्या साहेबांवर माझा उघड आरोप आहे, आणि तो मी कुणाच्या कानात कुजबुजून नाही, इथे छापून करतोय. तुमच्या कार्यालयाने माझ्या बर्फावर शिक्का मारला. गोल, जांभळा, आवक विभागाचा, तारखेसकट. अख्ख्या कार्यालयात दुसरी जागा मिळाली नाही तुम्हाला? टेबलं होती, भिंती होत्या, तुमचं स्वतःचं कपाळ होतं.

आता तुम्ही म्हणाल, बर्फावर शिक्का कसा मारतात? म्हणजे बघा, प्रकरण काय आहे तेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही, आणि फाईलवर सह्या मात्र तुमच्याच आहेत. पाच. मी मोजल्यात.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही राहतो त्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. यावरचे सगळे विनोद आमच्या जिन्यात करून झालेले आहेत, वाचकांनी नवे करू नयेत. चौथ्या मजल्यावर आमच्याकडे दोन हिवाळ्यांपासून माझे सासरे राहतात. साहेब, ते तुमच्याच खात्याचे. नदीकाठच्या आखीव बागेत एकतीस वर्षं माळी, त्यातली शेवटची नऊ मुख्य माळी. बागेतली कुंपणं दोरी लावल्यासारखी सरळ आणि झाडं टोप्या उलट्या ठेवल्यासारखी शंकूची, ते सगळं या माणसाच्या कात्रीचं. आता गुडघे गेले. दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं, ते वरच राहिले. आमच्या खिडकीतून बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत दिसते. म्हणजे बर्फ आहे, पण आत.

रोज सकाळी मी बूट घालायला वाकलो की प्रश्न सुरू.

"जावईबापू, काल बर्फ पडला का?"

"पडला, मामा."

"किती?"

"असेल वीतभर."

"कुंपणावरचा झटकला का कुणी?"

"मला काय माहीत? मी कामावर गेलो होतो."

"वाटेत बाग लागत नाही?"

"लागते."

"मग डोळे काय खिशात होते?"

कातरलेल्या कुंपणावर बर्फ साचला की ओझ्याने फांद्या फाकतात, आणि एकदा फाकलेलं कुंपण सरळ व्हायला तीन वर्षं जातात. हे मला आता झोपेतही म्हणून दाखवता येईल. फोनवर फोटो काढून आणून दाखवला. म्हातारबुवांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि परत दिला. "काडेपेटीत बाग कोंबलीय," म्हणाले. "मला बागेत उभं राहायचंय, बागेला खिशात घालायचं नाहीये."

त्यात असं ठरलेलं की बर्फ वितळला की ते थोरल्या मुलीकडे जाणार, समुद्राकाठच्या गावी. तिच्या घरी जिना नाही. पण बागही नाही, आणि बर्फ तर नाहीच. म्हणजे जे काय दाखवायचं ते याच हिवाळ्यात. मी ठरवलं, बाग चौथ्या मजल्यावर आणायची. रंगवून.

इथे काही लोक हसतील. हसू देत. दहा वर्षं मी रविवारी चित्रं काढतोय, आणि शिकलोय वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकातून. त्यात इम्प्रेशनिस्ट म्हणवणाऱ्या चित्रकारांची माहिती आहे. त्यांची पद्धत मला पटली, कारण ती प्रामाणिक आहे. ही माणसं पान न् पान काढत बसत नाहीत. उजेड दिसला की त्याचा एक फटकारा, सावली दिसली की तिचा एक. जवळून बघितलं तर नुसता राडा, सहा पावलं मागे गेलं की बाग. आणि त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे बर्फ पांढरा नसतो. सकाळी तो पिवळसर असतो, झाडाखाली निळा, कुंपणाच्या कडेला जांभळा आणि ऊन तिरकं झालं की चक्क गुलाबी. मी चौदा रंग वापरले. तेराव्यापर्यंत बायको गप्प होती.

"एवढा जांभळा?" चौदाव्याला ती म्हणाली. "माझा स्वेटर पडला का यात?"

तीन रविवार मी बागेच्या फाटकापाशी घडीच्या स्टुलावर बसलो. हातात बायकोचे मोजे घातले, कारण माझ्या हातमोज्यांत ब्रश मावेना. थंडीने रंग इतका घट्ट व्हायचा की नळी काखेत धरून शेकावी लागायची. काखेत एक नळी फुटली. कोणता रंग ते सांगत नाही, शर्ट अजून आहे.

चित्र घरी आणताना जिन्यात तळमजल्याचे दातांचे डॉक्टर भेटले. सल्ला द्यायला यांना पेशंट लागत नाही.

"बघू, बघू. हं. मी आयुष्यभर पांढऱ्यात काम केलंय, स्पष्ट सांगू का? तुमच्या बर्फाला कीड लागलीय."

"ती सावली आहे, डॉक्टर."

"पेशंटही आधी सावलीच म्हणतात."

"जरा मागे जाऊन बघा ना."

"दात मी मागे जाऊन बघत नाही." तरी दोन पायऱ्या उतरले आणि मान तिरकी करून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "प्रदर्शनात द्या हे. बाग खात्याचं प्रदर्शन आहे काचघरात, नागरिकांनी काढलेल्या बागेच्या चित्रांचं. निवडलेल्या चित्राला फ्रेम करून देतात म्हणे."

फ्रेम हा शब्द बायकोच्या कानावर पडायला नको होता. तो पडला. तळमजल्यावर पडला तरी चौथ्यावर तिला ऐकू येतो.

"बाबांना बिनफ्रेमची बाग दाखवणार? एकतीस वर्षं घातलीत त्यांनी तिथे. जरा मान ठेवा. आधी फ्रेम होऊ दे, मग दाखवू."

तोवर म्हातारबुवांना काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. ते आतल्या खोलीतून टर्पेंटाइनचा वास घेऊन विचारत होते, "रंगकाम काढलंय का घरात?" आणि बायको सांगत होती, "शेजारी काढलंय, बाबा." तीन आठवडे शेजारचं घर रंगत होतं. बाबांच्या हिशेबाने शेजाऱ्यांचा राजवाडा असावा.

तर मी चित्र घेऊन तुमच्या कार्यालयात आलो, साहेब. खिडकी क्रमांक तीन, आवक विभाग. तिथे एक बाई बसतात, त्यांना सगळं कार्यालय शिक्केबाई म्हणतं, तोंडावर. त्यांनी मान वर केली नाही.

"अर्ज द्या."

"चित्र आहे."

"अर्जासोबत?"

"नुसतंच चित्र. प्रदर्शनासाठी."

"द्या."

त्यांनी ते टेबलावर आडवं टाकलं. बसमध्ये चढलेला माणूस रिकामी सीट शोधतो ना, तशी त्यांची नजर चित्रावरून फिरली. कुंपणं सोडली, झाडं सोडली, लाल टोपीवाली बाई सोडली. मधोमध, जिथे चार वाटा एकत्र येतात तिथे, मी तीन दिवस खपून उजेड रंगवला होता. तिथे थांबली. ठाप्!

"बाई! काय केलंत हे?"

"आवक केली."

"चित्रावर?"

"मग कशावर करू? मोकळी जागा बघूनच मारलाय. मजकुरावर मी कधी शिक्का मारत नाही, विचारा कुणालाही."

"मोकळी जागा? तो बर्फ आहे!"

"तेच म्हणतेय ना मी. पांढरं होतं."

"चौदा रंग आहेत त्यात!"

त्या खाली वाकल्या, बर्फाकडे जवळून पाहिलं, आणि पहिल्यांदाच काळजीच्या सुरात म्हणाल्या, "वाळलाय ना नीट? माझा शिक्का खराब होईल."

"निदान मागे तरी मारायचा!"

"मागे पाकिटाला मारतात."

कपाच्या बुडाएवढा शिक्का. एकात एक दोन वर्तुळं. बाहेरच्यात खात्याचं नाव, आतल्यात तारीख आणि आवक क्रमांक चार हजार सातशे सोळा. बागेत आता एकच गोष्ट स्पष्ट वाचता येत होती, ती ही.

मी चित्र तसंच उचलून प्रदर्शनाच्या टेबलावर गेलो. तिथला गृहस्थ म्हणाला, शिक्का असलेला कागद म्हणजे कार्यालयीन पत्रव्यवहार, तो भिंतीवर लावता येत नाही. बरं, म्हटलं, मग घरी नेतो. तर म्हणाला, आवक झालेला कागद निकाली निघाल्याशिवाय जावक होत नाही.

"मग काढा निकाली."

"अर्जदाराची मागणी काय आहे?"

"मागणी काही नाही. चित्र आहे."

"मग अवघड आहे," तो खरोखर वाईट वाटून म्हणाला. "मागणी असती तर नाकारता तरी आली असती."

त्यानंतर माझी बाग फाईलला लागली. दोन भोकं पाडायचं यंत्र तिच्या कडेला लावलं गेलं तेव्हा मी जे ओरडलो, ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं अशी माझ्याकडे खात्रीलायक माहिती आहे. भोकं टळली, बाग फितीने बांधली. मग साहेब, तुमचे शेरे सुरू झाले. पहिला: "चित्रात वाटा झाडलेल्या दिसत नाहीत. संबंधितांकडून खुलासा मागवावा." संबंधितांनी खुलासा दिला की तो रविवार होता. दुसरा: "पुढील भागात लाल ठिपका आहे. व्यक्ती की वस्तू, स्पष्ट करावे." मी लिहून दिलं, व्यक्ती, स्त्री, लाल टोपी. तिसरा: "सदर स्त्री हिरवळीवरून चालत आहे काय?" मी लिहिलं, बर्फावरून. चौथा: "बर्फाखाली काय आहे?"

याला मी उत्तर दिलं नाही. माणसाला काही अब्रू असते.

इकडे घरी म्हातारबुवांनी ट्रंक काढून झटकायला घेतली होती. छपराच्या कडेवरून थेंब पडायला लागले होते. सकाळचा प्रश्नही बदलला. "जावईबापू, बर्फ आहे का अजून?" एवढंच विचारायचे, कुंपणाचं नाव नाही. मला तो जुना प्रश्न फार बरा वाटत होता. बायको माझ्याकडे बघायची, मी बुटांकडे बघायचो. फ्रेमबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

पुन्हा खिडकी क्रमांक तीन. या वेळी शिक्केबाईंनीच तोड काढली. मूळ कागद देता येत नसला तरी अर्जदाराला सत्यप्रत मागता येते. ती त्याच्या हक्काचीच आहे, कुणी नाही म्हणू शकत नाही. मी लगेच अर्ज केला. त्याच दुपारी चित्र झेरॉक्सच्या मशीनवर पालथं पडलं. हिरवा उजेड सरकला, आणि जो कागद बाहेर आला तो कोरा होता. बर्फ गेला, झाडं गेली, लाल टोपी गेली. मधोमध फक्त शिक्का, ठळक, एक अक्षर न बिघडता. साहेब, त्या कोऱ्या कागदावर तुम्ही "सत्यप्रत" लिहून सही केलीत. ही तुमची पाचवी सही. मी ती प्रत घेऊन जिन्यात बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की लिफ्टचं ठीक असतं. अडकते, पण मध्येच कुठेतरी असते.

शिक्केबाई जेवणाचा डबा घेऊन खाली उतरत होत्या. थांबल्या.

"रडताय का?"

"नाही. सर्दी आहे."

"कुणासाठी होतं एवढं?"

मी सांगितलं. माळी म्हटल्यावर त्या डबा पायरीवर ठेवून शेजारी टेकल्या. "ते उंच? कानाला पेन्सिल लावायचे ते? त्यांच्या मस्टरवर मी शिक्के मारलेत हो. एक दिवस लेट नाही." थोडा वेळ त्यांनी डब्याच्या झाकणावर बोटं वाजवली. "मशीन नसताना आम्ही प्रती हाताने करायचो. तो नियम अजून रद्द झालेला नाही. अर्जदाराने कार्यालयात बसून, माझ्या समोर, हाताने प्रत करायची. मी रुजवात घालते, म्हणजे मुळाशी ताडून बघते. करता का?"

आत बसायला पास लागतो, तो माझ्याकडे होताच, कारण तुमची लिफ्टही मीच दुरुस्त करतो. तर सांगायची गोष्ट अशी, साहेब, की तुमच्या अभिलेख कक्षात मी अकरा दिवस बसून बर्फ रंगवला, आणि ते अकरा दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे कबूल करताना मला राग येतोय, पण खोटं लिहायचं नाही. तिथे हीटर होता. नळी काखेत धरावी लागत नव्हती. उत्तरेची खिडकी होती, चित्रकाराला लागते तशी. दर तासाला चहा आणि चहाबरोबर सल्ला. एक जण म्हणाला, झाडं दोन जास्त दाखवा, यंदा कमी लागलीत. एक जण रोज येऊन विचारायचा, "आमचं ऑफिस कुठे यात?" शेवटी मी कोपऱ्यात एक करडा फटकारा मारला. तो इतका खूश झाला की बायकोला घेऊन आला.

चौथ्या दिवशी शिक्केबाई गठ्ठा घेऊन मागे मागे सरकत होत्या. पाठ कपाटाला टेकली आणि त्यांनी सहज वर पाहिलं. गठ्ठा तसाच हातात राहिला.

"अगं बाई. बाग आहे ही!"

"मग मी काय म्हणत होतो?"

"लांबून बघायचं असतं होय हे? मग आधी नाही का सांगायचं? माझी खिडकी केवढीशी, मी मागे जाऊ कुठे?" आणि मग हळूच, "फार चुकीच्या जागी मारला का हो मी?"

मी हो म्हणणार होतो. तीन आठवडे ते हो तोंडात घोळवून तयार ठेवलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून म्हटलं, "आता काय, सवय झाली."

इथे तुम्हाला वाटेल की प्रतीत शिक्का गाळला असेल. साहेब, तुम्ही शिक्केबाईंना ओळखत नाही. मुळात जे आहे ते प्रतीत पाहिजे. नाहीतर रुजवात कसली घालायची? रबरी शिक्का प्रतीवर मारता येत नाही, कारण तो मारला की ती आवक होते, आणि पुन्हा फाईलला लागते. म्हणजे शिक्का ब्रशने काढायचा. माझ्याच चित्राची नासाडी, माझ्याच हाताने, हुबेहूब. मी दोन दिवस तो काढला. दोन्ही वर्तुळांत जांभळा, जांभळ्यात निळा, जिथे शाई कमी उमटली होती तिथे थोडा गुलाबी. अक्षरं माझ्या पद्धतीने उजेडात विरघळली.

"क्रमांक वाचता येत नाही," शिक्केबाई म्हणाल्या.

"लांबून बघा."

"शिक्का लांबून वाचत नाहीत."

मग त्या कपाटापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "बघितला," असं लिहून सही केली. सत्यप्रतीचा शिक्का मात्र मारावाच लागला. त्यांनी प्रत स्वतः उलटी केली आणि कडेच्या पट्टीवर अगदी हळू टेकवला, तान्ह्या पोराला तीट लावावी तसा.

घरी आणली त्या दिवशी ट्रंकेला पट्टा बांधून झाला होता. डॉक्टर दवाखाना सोडून एक टोक धरायला आले आणि चारही मजले मला सांगत राहिले की कीड आता बरीच आटोक्यात आहे. फ्रेम नव्हती. बायकोने कपाटासमोरची खुर्ची हलवली, प्रत खिडकीत उभी केली, कारखान्याची भिंत झाकली गेली. मग तिने बाबांना धरून आणलं आणि मी मोजून सहा पावलांवर बसवलं.

त्यांनी एकेक कुंपण बघत नेलं. हात मांडीवर कात्री धरल्यासारखा उघडमीट करत होता.

"डावीकडचं तिसरं कुंपण कुणी झटकलेलं नाही."

"नाही, मामा."

"फाकणार ते."

"हो."

"रविवार दिसतोय. वाटा झाडल्या नाहीत." मग ते पुढे वाकले. बोट मधोमध गेलं, चार वाटा मिळतात तिथे. "आणि हौद! जावईबापू, हौद परत बांधला त्यांनी?"

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. डॉक्टरांनी तोंड उघडलं, मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"गोल हौद होता इथे," ते सांगायला लागले. "बाहेर दगडी कड, आत पाणी. हिवाळ्यात गोठला की अस्साच दिसायचा, जांभळा. पाखरं यायची पहिल्या उन्हाला. मी लागायच्या आधीपासूनचा. एका उन्हाळ्यात साहेबांनी बुजवला. मी अर्ज दिला होता, कारण विचारलं होतं. नीट अक्षरात लिहिलेला. आवक करून घेतला होता." पुन्हा नीट बघून म्हणाले, "जागा जरा चुकलीय तुमची. एक हात उजवीकडे पाहिजे होता. पण चालेल. चालेल. हे मी नेणार बरं का माझ्याबरोबर. थोरलीला म्हणावं, भिंत मोकळी कर."

त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंक पुन्हा उघडली आणि चित्र घडी न घालता कसं बसेल यावर लेकीशी भांडत बसले. इतकं खूश मी त्यांना दोन हिवाळ्यांत पाहिलं नव्हतं. तो शिक्का आहे हे आम्ही कुणीच सांगितलं नाही, आणि जो सांगेल त्याला माझ्याशी गाठ आहे.

मूळ चित्र तुमच्याकडेच राहू द्या, साहेब. चार हजार सातशे सोळा. मला ते नको. फ्रेमही नको. पण त्या फाईलला तुम्हाला मागणी हवी होती ना? घ्या, आता आहे. चौदा वर्षांपूर्वी तुमच्या मुख्य माळ्याने एक अर्ज दिला, तुमच्याच खिडकीवर, तुमचाच शिक्का घेऊन. हौद का बुजवलात? माणूस जिवंत आहे, गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतोय. त्याच्या आधी एका ओळीत लेखी उत्तर द्या.